बारापर्यंत

“नऊ… दहा… अकरा… बारा. सोडा आता.”

पप्पांनी श्वास सोडला आणि खुर्चीचा हात धरून पुढं वाकले. खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मग त्यांनी मान वर केली, डोळे पुसले आणि अंगठा दाखवला. मी अंगणात एक गिरकी मारली.

“आई, बारा झाले. पूर्ण बारा.”

आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. “झालं तर नाचतीस काय? पाणी दे की त्यांना अगोदर.”

तेव्हा मी सातवीत होते. आता दहावीत आहे आणि शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला सांगायला आवडतं. त्या वेळी मात्र मी संघात नुकतीच, तीही राखीव म्हणून आले होते, आणि जगातली कुठलीही गोष्ट सरावानं जमते असं माझं ठाम मत होतं. मला चढाई जमत नव्हती, ती सरावानं जमली. उंच उडी जमली. मग पप्पांना बारा सेकंद श्वास धरणं का जमू नये?

पप्पा साधे गडी नव्हते. आमच्या गावात, म्हणजे कोल्हापूरच्या एमआयडीसीला खेटून असलेल्या आमच्या गावात, सर्जेराव मगदूम म्हटलं की जुनी माणसं अजून सांगतात, की तालमीच्या संघात असा चढाईवाला परत झाला नाही. तीस सेकंदांचं घड्याळ तेव्हा गावच्या मैदानावर आलं नव्हतं. दम असेपर्यंत चढाई. ‘कबड्डी कबड्डी’ असा दम घुमवत हा माणूस चाळीस सेकंद समोरच्यांच्या अंगणात फिरायचा आणि दोघांना शिवून हसत परत यायचा. सर्जाचा दम तुटत नाही, अशी म्हणच पडली होती म्हणे.

मग लग्न झालं, मी झाले, आणि पप्पा एका फौंड्रीत लागले. साच्यातून निघालेल्या लोखंडी कास्टिंगला चिकटलेली वाळू झाडायची आणि कडा ग्राइंडरवर घासायच्या, हे काम. नाकाला रुमाल बांधून दहा वर्षं केलं. आधी जिना चढताना धाप लागायला लागली. टीबी असेल म्हणून कुणीतरी गोळ्या सुरू केल्या, त्यात वर्ष गेलं. नंतर एका डॉक्टरांनी नीट बघून कागदावर सिलिकोसिस लिहिलं. वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि बसली की निघत नाही. फुफ्फुस हळूहळू दगडासारखं घट्ट होत जातं. औषध विचारलं तर डॉक्टरांनी फक्त काम सोडा म्हणून सांगितलं. काम तर आधीच सुटलं होतं.

पुण्याहून डॉक्टर केळशीकर आले ते त्याच वर्षी, कामगारांच्या तपासणी शिबिराला. उंच, किडकिडीत माणूस. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. त्यांनी पप्पांचा एक्स-रे खिडकीला धरला आणि मला जवळ बोलावलं, कारण प्रश्न मीच विचारत होते.

“हा एक्स-रे म्हणजे घराचा बाहेरून काढलेला फोटो,” ते म्हणाले. “भिंतींना तडे गेलेत ते दिसतंय. पण आत कुठल्या खोल्यांत अजून दिवा लागतो, ते यात दिसत नाही. आमच्याकडे नवीन प्रकारचा एमआरआय आहे. एक खास गॅस श्वासातून आत ओढायचा. जिथं हवा पोचते तिथं उजेड दिसतो, जिथं नाही तिथं काळं.”

“आणि उजेड दिसला तर?”

“एक औषध तपासायला सुरुवात करतोय आपण. बंद झालेली खोली ते उघडत नाही. पण उरलेल्या बंद पडू नयेत, असा प्रयत्न आहे. एक तृतीयांश तरी उजेड हवा. यादीत थोडीच माणसं घ्यायचीत.”

पप्पा म्हणाले, “आमचं नाव लिवा.”

पंधरा दिवसांनी हॉस्पिटलातून फोन आला. बोलणाऱ्या मॅडम म्हणाल्या, गॅस पिशवीतून ओढून बारा सेकंद धरून ठेवावा लागतो, तोवर मशीन चित्र काढतं. घरी सराव करून या. मग मोबाईलवर एक अर्ज आला. नाव, वय, काम, वजन. खाली एक प्रश्न: श्वास किती सेकंद धरता येतो? घड्याळ लावून मोजा.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून आणलं होतं. पप्पांचा श्वास चारावर सुटला.

“चार,” मी म्हटलं.

पप्पांचं तोंड एवढंसं झालं. मी ते घड्याळ परत खिळ्याला लावून टाकलं. म्हटलं, घड्याळाकडं बघत बसलं की माणूस घाबरतो. आमचे सर पण सांगतात, खेळताना गुणांच्या फळ्याकडं बघायचं नाही. “मीच मोजतो, पप्पा,” मी म्हटलं. आमच्या भागात मुलीसुद्धा असंच बोलतात, मी जातो, मी येतो. “तुम्ही चढाईला निघालाय असं समजा.”

आणि खरंच ते वाढत गेलं. दुसऱ्या दिवशी पाच, आठवड्याने सात, मग नऊ. मी अंगणात चुन्याच्या फक्कीनं मध्यरेषा आखली आणि खुर्ची तिच्यापलीकडं ठेवली. श्वास धरला की पप्पांचे ओठ अगदी बारीक हलायचे, दम घुमवताना हलतात तसे. बारा झाले की हात लांब करून ते रेषेला टेकवायचे. चढाई यशस्वी. तिसऱ्या आठवड्यात बारा झाले आणि मी अर्जात बारा लिहून पाठवून दिलं.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. हॉस्पिटल एवढं मोठं की आईनं आत शिरताना चपला काढाव्यात का म्हणून विचारलं. तळमजल्यावर तरन्नुम मॅडम भेटल्या. फोनवर बोललेल्या त्या ह्याच.

“तू उत्कर्षा का?” त्या हसल्या. “मला वाटलं मुलगाच येणार. फोनवर सारखं मी मोजतो, मी घेऊन येतो.”

“आमच्याकडं असंच असतं.”

“असू दे, गोड वाटतं ऐकायला. बाबांचे बारा सेकंद पक्के आहेत ना?”

“पक्के.”

आधी त्यांनी पप्पांच्या डोळ्यांचा एक्स-रे काढला. इतकी वर्षं ग्राइंडरवर काम म्हणजे लोखंडाचा कण डोळ्यात राहिलेला असू शकतो आणि त्या यंत्राचं चुंबक तो ओढून घेऊ शकतं. कण नव्हता. मग कमरेचा चांदीचा करदोटा काढायला सांगितला. लग्नात आजीनं घातलेला होता, पप्पांनी कधीच उतरवला नव्हता. आईनं तो मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली धरून बाकावर बसली. तिच्या शेजारी एक बाई नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसल्या होत्या. त्यांचा नंबर पप्पांच्या नंतर होता.

बाहेरच्या खोलीत साध्या हवेची पिशवी देऊन सराव घेतला. पप्पांनी पिशवी ओढली, डोळे मिटले, ओठ बारीक हलायला लागले. मॅडमची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती. माझी पप्पांवर.

“बारा. वा, तयारीनं आलेत काका.”

पप्पांनी माझ्याकडं बघून डोळा मारला.

“पोरीला तिथं उभं राहू द्या,” ते म्हणाले. “ती मोजत असली की मला बरं पडतं.”

“आत नाही येता येणार. काचेपाशी उभी करते. पण मोजायचं मशीन, हं.”

पप्पांना आडवं केलं. आडवं होणंच त्यांना जड जायचं, घरी ते तीन उशा घेऊन झोपायचे. छातीवर जाकिटासारखं काहीतरी बांधलं, कानांवर हेडफोन. मग मॅडमनी एक चिमटा काढला आणि त्यांच्या नाकाला लावला.

“हे कशाला?” मी दारातून विचारलं.

“नाकानं हवा गेली तर गॅसमध्ये मिसळते. चित्र बिघडतं.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तोवर त्या बाहेर आल्या, जाड दार लागलं आणि शेजारच्या खोलीतून एक मुलगा गॅसची पिशवी घेऊन अक्षरशः धावत आला आणि ती पप्पांच्या तोंडाला लावायला आत गेला. पिशवीत भरला की तो गॅस काही मिनिटंच कामाचा राहतो. सकाळी एकदाच बनवतात, त्या दिवशीच्या माणसांपुरता.

मॅडम माईकमध्ये बोलू लागल्या. “श्वास घ्या. सोडा. घ्या. सोडा. आता पिशवी सगळी ओढा. ओढा, ओढा. धरून ठेवा.”

यंत्र धडधडायला लागलं. काचेतून मला पप्पांचे फक्त पाय दिसत होते, निळ्या मोज्यांतले. स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंदांचे आकडे पडत होते. मी रोजच्यासारखी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. आमच्या खेळात समोरच्याचे पाय वाचायला शिकवतात. पप्पांच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळला. सहा, सात, आठ. टाच गादीवर घासली. नऊ, दहा. मग दोन्ही पाय एकदम झटकले गेले आणि हेडफोनच्या माईकमधून तो खोकला आला, कापड फाटल्यासारखा.

मी मनात अकरावर होते.

स्क्रीनवर पाच होते.

डॉक्टर केळशीकरांनी चित्र आमच्यासमोर लावलं. काळ्यावर राखाडी डाग, ओल्या हातानं पाटी पुसल्यावर राहतात तसे. वरच्या बाजूला दोन ठिकाणी थोडं पांढरं.

“हललंय,” ते म्हणाले. “घरी बारा धरायचे का हे?”

मी म्हटलं, “होय.”

“घड्याळ लावून?”

मी खाली बघितलं. टेबलाच्या काचेखाली कुणाच्या तरी लहान मुलानं काढलेलं हत्तीचं चित्र होतं. मला ते अजून आठवतं. हत्तीला सहा पाय होते.

डॉक्टरांचा आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “अर्जात तो प्रश्न का होता माहितेय का, बाळ? सगळ्यांना बारा जमत नाहीत. ज्यांना चार जमतात, पाच जमतात, त्यांच्यासाठी मशीन आम्ही वेगळं लावतो. तीन-चार सेकंदांत उरकतं. चित्र जाडंभरडं येतं, पण येतं. यादीसाठी तेवढं चालतं.”

मला वाटलं होतं, बारा म्हणजे पास. पस्तीस मार्कांसारखं. कमी पडले की नापास आणि मग यादीतून नाव कट. आम्हाला घरात कुणालाच दुसरं काही सुचलं नव्हतं. खेळात तसंच असतं ना, एक तर रेषेपर्यंत पोचायचं, नाही तर बाद.

“मग आता ते चार सेकंदवालं करा की,” आई म्हणाली.

“गॅसची एकच पिशवी उरलीय. ती बाहेर बसलेल्या बाईंची आहे. आणि यादी आज संध्याकाळी पाठवायचीय, माझ्या हातात असतं तर…”

“त्यांची त्यांना द्या,” पप्पा लगेच म्हणाले. “आमचा डाव झाला.”

“यात उजेड किती हाय म्हणायचा, डॉक्टरसाहेब?” आईनं त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांकडं बोट केलं.

“कमी दिसतोय, वहिनी. पण हललेल्या चित्रावरून मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. कदाचित नीट आलं असतं तरी नाव बसलं नसतं. खरंच माहीत नाही मला.”

बाहेर आल्यावर आईनं करदोटा पप्पांच्या कमरेला बांधायला घेतला. तो सैल झाला होता. तिनं एक गाठ मारली, मग अजून एक मारली.

परतीची एसटी दुपारची होती. मी आणि पप्पा एका बाकावर, पलीकडं खिडकीशी आई डोळे मिटून. साताऱ्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड आहे ते.

कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा पप्पाच म्हणाले, “मी चोरत हुतो.”

“काय?”

“श्वास. नाकानं. शब्द संपतो ना, कबड्डी, तिथं एवढासा घ्यायचा. पंचानं तोंडाला कान लावला तरी कळायचं न्हाई त्याला. चाळीस सेकंद कुणाचा दम ऱ्हातोय गं? माझ्या वस्तादानं शिकवलेलं. आज चिमटा लावला आणि कळलं, हिथं पंच लई हुशार हाय.”

“मला दिसत होतं,” मी म्हटलं. “तुमची नाकपुडी हलायची.”

ते माझ्याकडं वळले. “मग बोलली का न्हाईस?”

“मी भरभर मोजत होतो. सातपासून पुढं जास्तच. मी तुमचं बोललो असतो तर तुम्ही माझं बोलला असता.”

“ते व्हय,” पप्पा म्हणाले. “ते तर मी दुसऱ्याच दिवशी ऐकलं. म्हटलं, पोरगी हौसेनं मोजतीय, मोजू दे.”

ते हसायला लागले. हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून परत हसू, आणि पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. मी हसले नाही. मला कळतच नव्हतं की ते कशाला हसतायत.

“दोघांचं झालं का सांगून?” पलीकडून आई म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. “मी भाकरी थापत मोजायची. रोज. माझं कधी सहाच्या वर गेलं न्हाई.”

गाडी सुटली.

डॉक्टरांचा चार दिवसांनी फोन आला. यादीत नाव नव्हतं. पुढच्या खेपेला बघू, म्हणाले. पुढची खेप झालीच नाही, का ते मला ठाऊक नाही. आम्ही दोनदा फोन करून विचारलं, मग विचारणं सोडलं. त्यानंतर पप्पा एक वर्ष आणि दोन महिने होते.

त्यांची आठवण काढायची म्हटली की लोक मैदानाचं सांगतात. मला मात्र पुण्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. मी शाळेला निघाले होते. पप्पा अंगणात त्याच खुर्चीत बसले होते आणि फक्कीची रेषा निम्मी पुसली गेली होती.

“उत्कू, जरा थांब. घड्याळ आण जा आतलं.”

“पप्पा, राहू दे ना आता. कशाला?”

“आण म्हणतोय न्हवं?”

मी खिळ्यावरचं घड्याळ काढून आणलं. त्यांनी दोन बोटांनी नाक दाबून धरलं, त्या चिमट्यासारखं. तोंडानं श्वास घेतला आणि ओठ घट्ट मिटले. ओठ हलले नाहीत. मी काट्याकडं बघत मोठ्यानं मोजलं. दोन आकड्यांच्या मध्ये एवढी जागा असते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

श्वास सुटला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन उभी होती.

“किती?” पप्पांनी विचारलं.

“चार.”

“घड्याळावर?”

“घड्याळावर.”

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीतून वाकून हात लांब केला, अगदी पूर्वीसारखा. रेषेपर्यंत तो पोचला नाही. मी पाय पुढं सरकवून उरलेली फक्की त्यांच्या बोटांकडं ओढणार होते, तर त्यांनी मान हलवूनच मला थांबवलं आणि हात मागं घेतला.

“जा शाळेला,” ते म्हणाले. “उशीर होतोय तुला.”